छातीचा तुकडा गालाला लावला म्हणून कॅन्सर छातीत गेला का? सोलापुरातलं ऑपरेशन आणि नंतरचा फॉलोअप, आमचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाहीये. ज्या सर्जननी आण्णांचं ऑपरेशन केलं त्यांच्या हातावर माझा आजही विश्वास आहे, तक्रार आहे ती नंतरच्या वर्षभराची, आणि नाव टाकलं की लोक फक्त नाव वाचतात आणि खालचं सोडून देतात. मला खालचंच सांगायचंय. सोलापुरात माझ्या ओळखीत गेल्या दोन वर्षांत तीन घरांत तोंडाचा कॅन्सर निघालाय, तिन्ही घरं मावा-तंबाखूची, त्यामुळे हे कुणाच्या ना कुणाच्या कामाला येईलच.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ५६, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे. तीस वर्षं डाव्या गालात मावा. २०१२ ला गुटखाबंदी झाली तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटेल, पण मावा चोळून देणारी टपरी काय बंद झाली नाही, आजही गल्लीच्या तोंडाशीच आहे. २०२३ च्या दिवाळीआधी गालात आतून जखम, महिनाभर भरेना, दात हलायला लागले, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. आण्णांना शेंगा चटणीशिवाय जेवण जात नाही आणि त्यांनी ताटातली चटणी बाजूला सारली, तेव्हा आईला पहिल्यांदा शंका आली. तुकडा काढून तपासला, कॅन्सर. डाव्या गालाचा आणि खालच्या हिरडीचा.

आता ऑपरेशनबद्दल, कारण चांगलं ते चांगलंच म्हणायला पाहिजे. सर्जननी आम्हाला पाऊण तास बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. गालाचा आतला भाग, खालच्या जबड्याचा मागचा तुकडा आणि डाव्या मानेतल्या गाठी (म्हणजे लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात) असं सगळं एकाच वेळी काढणार, आणि जो खड्डा पडेल तो छातीच्या मोठ्या स्नायूने भरणार. याला ते पीएमएमसी फ्लॅप म्हणतात, १९७९ पासूनची पद्धत आहे. छातीचा स्नायू वरच्या कातडीच्या तुकड्यासकट सोडवायचा पण त्याची रक्तवाहिनी तोडायची नाही, ती तशीच ठेवून कॉलरबोनवरून कातडीखालून मानेतून वर तोंडात न्यायचा. म्हणजे मांस तोंडात पण रक्त छातीकडूनच येत राहतं. पायाचं हाड घेऊन जबडा करायची दुसरी पद्धत पण सांगितली, त्यात बारीक रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडाव्या लागतात, वेळ जास्त लागतो, आणि आण्णांचा जबडा मागच्या बाजूचा जाणार होता, हनुवटी शाबूत राहणार होती, त्यामुळे हाड नाही लावलं तरी चालेल म्हणाले. आम्हाला पटलं.

साडेसात तास चाललं ऑपरेशन. पहिले दोन दिवस नर्स दर तासाला टॉर्च मारून फ्लॅपचा रंग बघायच्या, बोटाने दाबून परत रक्त भरतंय का बघायच्या, रात्री तीनला पण. मी स्वतः बाहेर जागी होते म्हणून सांगते, एकही तास चुकला नाही. नाकातून नळी, गळ्याला भोक, छातीवर लांब टाका, आण्णा ओळखू येत नव्हते, पण अकराव्या दिवशी ते चालत घरी आले. महात्मा फुले योजनेत बसलं, केशरी रेशनकार्ड होतं, तिथल्या आरोग्यमित्राने कागद भराभर लावून दिले. इथपर्यंत पाचपैकी पाच, मनापासून.

नातेवाईकांनी तेव्हाच सुरू केलं होतं की मानेत काही हाताला लागत नव्हतं तर मान कशाला चिरली, उगाच खांदा पाडून ठेवला. खांदा पडला हे खरं आहे, डावा हात वर उचलून दोरीवर कपडे टाकता येत नाहीत त्यांना अजून, आणि त्याची फिजिओथेरपी वेळेत कुणी सांगितली नाही ही पण तक्रारच आहे माझी. पण मान चिरली ते बरोबर होतं. टाटा हॉस्पिटलने ५०० पेशंटवर हेच तपासलं होतं, २०१५ ला छापून आलं, तोंडात लहान गाठ असलेले पेशंट, मानेत हाताला काही लागत नाही असे. ज्यांची मान आधीच साफ केली त्यांच्यातले तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, आणि ज्यांची मानेत गाठ दिसल्यावर मग केली त्यांच्यातले ६७.५ टक्के. आण्णांच्या मानेतून ३४ गाठी काढल्या आणि हाताला न लागणाऱ्या त्या मानेतल्या तीन गाठींत कॅन्सर निघाला, एका गाठीत तर तो गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला.

ही ओळ नीट वाचा, कारण आमच्या सगळ्या गोष्टीची किल्ली तिथं आहे आणि आम्हाला ती कुणी समजावली नाही. रिपोर्ट बाराव्या दिवशी हातात आला, गालाच्या काढलेल्या तुकड्याच्या कडा सगळ्या क्लिअर, म्हणजे कडेला कॅन्सर नाही, सगळ्यात जवळची कड ६ मिलिमीटर लांब, म्हणजे ५ च्या वर, चांगलं. आम्ही तेवढंच वाचलं, कारण काउंटरवरच्या मुलीने तेच बोट ठेवून दाखवलं, "मार्जिन क्लिअर आहे, टेन्शन घेऊ नका." खाली कवच फुटलेल्या गाठीचं लिहिलं होतं. कवच फुटलं असेल तर नुसतं रेडिएशन पुरत नाही, सोबत सिस्प्लॅटिनची केमो देतात, आणि असा पेशंट लांब पसरण्याच्या जास्त धोक्यात असतो. हे मला पुढे वर्षाने दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

रेडिएशन ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला पाहिजे असतं. आण्णांचं नवव्या आठवड्यात झालं. का, तर रेडिएशनच्या सेंटरवर गेलो तर ते म्हणाले दात कुठं दाखवलेत? खराब दात आधीच काढावे लागतात, रेडिएशननंतर काढले तर जबड्याचं हाड न भरता सडायची भीती असते. चार दात काढले, मग ती जखम भरायला दोन आठवडे थांबलो, मग मास्क बनवणं, प्लॅनिंग, त्यात आठवडा. हे दात ऑपरेशनच्या आधीच किंवा ऑपरेशनच्या टेबलवरच काढता आले असते. एका वाक्याचं काम होतं, "डेंटिस्टला दाखवून या," आणि ते वाक्य कुणी बोललं नाही. गड्ड्याच्या दिवसात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेत, पहिलं रेडिएशन झालं. दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागे चालणारे आण्णा तोंडावर जाळीचा मास्क आवळून टेबलावर पडले होते आणि बाहेर हलग्यांचा आवाज येत होता, ते मी विसरू शकत नाही. ३० दिवस रेडिएशन, शनिवार-रविवार सुट्टी, दर आठवड्याला केमो. तोंड आतून सोलून निघालं, नऊ किलो वजन गेलं, पण पूर्ण केलं त्यांनी, एकही दिवस न बुडवता.

आता फॉलोअप. यालाच मी पाचपैकी एक देते आणि एक देतानाही मला वाईट वाटतं कारण माणसं वाईट नव्हती.

दर दोन महिन्यांनी बोलवायचे, आम्ही सकाळी आठला नंबर लावायचो, एक-दीडला आत. आत काय व्हायचं, तर तोंड उघडा, टॉर्च, "वा, फ्लॅप मस्त बसलाय," ज्युनियर डॉक्टरांना दाखवायचे की बघा किती सुंदर हील झालंय, आणि बाहेर. दोन मिनिटं. फ्लॅप खरंच सुंदर बसला होता हो. पण बघायला काय आलो होतो आपण, फ्लॅप का आजार? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कळत नव्हतं, फ्लॅप छान म्हणजे आण्णा छान असंच आम्ही घरी येऊन आईला सांगायचो आणि आई सिद्धेश्वराला नारळ फोडायची.

बोट घालून फ्लॅपची कड चाचपायला पाहिजे, मान दोन्ही बाजूंनी दाबून बघायला पाहिजे, वजन लिहायला पाहिजे, तोंड किती उघडतं ते मोजायला पाहिजे. जाड स्नायूचा फ्लॅप असला की त्याच्या मागे काय चाललंय ते डोळ्यांना दिसतच नाही, पडदा लावल्यासारखं होतं. आणि परत येणारा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो, म्हणजे बारकाईने बघायचे दिवस नेमके हेच. रेडिएशन संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी पीईटी किंवा सीटी स्कॅन करून ठेवायला पाहिजे होता, त्याच्या फार आधी केला तर रेडिएशनची सूजच चमकते, पण तेव्हा केलेला एक स्कॅन हाताशी असला तर पुढे फरक कळतो. आमचा केलाच नाही. मानेला रेडिएशन दिलेल्यांची थायरॉईड सहा-बारा महिन्यांनी तपासतात, ती पण नाही, आण्णा उन्हाळ्यात सोलापूरच्या ४३ डिग्रीत अंगावर चादर घ्यायला लागले तेव्हा आम्हीच केली, टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉईड मंदावलेली.

तोंड उघडायच्या व्यायामाला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या, एकावर एक ठेवून दातांमध्ये घालायच्या. आण्णा जॉबर माणूस, मापाला पक्का, रोज सकाळी काड्या मोजून कालनिर्णयवर आकडा लिहायचे. मार्चमध्ये १४ काड्या. तेवढ्यावरच राहिलं पाच-सहा महिने. सप्टेंबरला ११. ऑक्टोबरला ८, आणि डाव्या कानात ठणका, रात्री झोप नाही. मी कालनिर्णयची पानं फाडून घेऊन गेले ओपीडीत, दाखवली. उत्तर आलं रेडिएशनने असं कडक होतंच, व्यायाम वाढवा, कानासाठी पेनकिलर. रेडिएशनने कडक होतं हे खरं आहे, पण त्यात सहसा हळूहळू आखडत जातं. सहा महिने एकाच आकड्यावर थांबलेलं तोंड दोन महिन्यांत जवळपास निम्मं बंद होतं आणि सोबत कान दुखतो, तेव्हा फ्लॅपच्या मागे बघायलाच पाहिजे. नोव्हेंबरला ६ काड्या. तेव्हा मी ऐकलं नाही, दुसऱ्यांकडे गेले.

हे दुसरे डॉक्टर पण सोलापुरातलेच, केमोचे डॉक्टर, त्यांनी पहिलं काय केलं तर जुना रिपोर्ट मागितला आणि त्या कवच फुटलेल्या गाठीच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. मग हातमोजा घालून जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातून बोट घातलं. पीईटीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो, उपाशीपोटी, तिथं शुगर बघून इंजेक्शन देतात, मग तासभर न बोलता पडून राहायचं, मग स्कॅन. फ्लॅपच्या मागे, जबडा हलवणाऱ्या स्नायूंच्या जागेत चमकत होतं, आणि दोन्ही फुप्फुसांत मिळून तीन बारक्या गाठी. सुईने तपासलं, तोच आजार.

आणि मग घरात जे सुरू झालं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला खरं तर. मोठे काका म्हणाले, छातीचं मांस तोंडात लावलं, तोंडातला कॅन्सर त्याच वाटेने छातीत उतरला. आत्या म्हणाली चाकू लागला, हवा लागली, पसरला. आई रडत म्हणाली मी सही केली, मी केलं हे. आई महिनाभर जेवत नव्हती या एका विचाराने. मी हेच वाक्य जसंच्या तसं या केमोच्या डॉक्टरांना विचारलं, लाजले नाही, तुम्ही पण विचारा.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत. फ्लॅप छातीचा स्नायू आहे, बरगड्यांच्या बाहेरचा. फुप्फुस बरगड्यांच्या आत. त्या रक्तवाहिनीतून रक्त छातीकडून तोंडाकडे जातं, आणि शिरेतून परत येणारं रक्त काय त्या छातीच्या स्नायूतून फुप्फुसात झिरपत नाही. फुप्फुसात जायची वाट वेगळीच आहे. मानेतल्या गाठींमधून पाणी (लिम्फ) वाहत वाहत मानेच्या मुळाशी मोठ्या शिरेत पडतं, ती शीर हृदयाकडे, आणि हृदयातून ते रक्त सगळ्यात आधी फुप्फुसाच्या बारीक जाळीत जातं. चहाच्या गाळणीत पावडर अडकावी तशा पेशी तिथं अडकतात. म्हणून तोंडा-घशाचा कॅन्सर लांब गेला तर सगळ्यात जास्त वेळा फुप्फुसातच सापडतो, फ्लॅप मांडीचा असो, हाताचा असो, नाहीतर लावलेलाच नसो. आण्णांच्या त्या एका गाठीचं कवच ऑपरेशनच्या आधीच फुटलेलं होतं. आईने सही केली त्या दिवशी पेशी बहुतेक निघालेल्या होत्या, फक्त स्कॅनमध्ये दिसण्याएवढ्या मोठ्या नव्हत्या.

मी पुढे विचारलं, मग फ्लॅप जिथून घेतला त्या जागी कॅन्सर कधी होतच नाही का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. होतो, फार क्वचित. तोंडात गाठ कापलेली हत्यारं तशीच छातीवर किंवा पायावर वापरली तर पेशी चिकटून जाऊ शकतात, अशा मोजक्या केसेस जगात नोंदलेल्या आहेत. म्हणूनच चांगल्या ठिकाणी गाठ काढून झाली की हातमोजे, गाऊन, हत्यारं बदलतात किंवा फ्लॅप घ्यायला दुसरी टीम वेगळ्या ट्रॉलीवर असते. जेवणासाठी पोटात घालायच्या नळीबद्दल पण तसंच आहे, ती तोंडातून ओढत खाली नेली तर वाटेत गाठीला घासून पेशी पोटाच्या भोकापाशी रुजल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तोंडात गाठ असताना शक्यतो बाहेरून पोटावरूनच नळी घालतात. आण्णांना नाकातून नळी होती, तो प्रश्न नव्हता. छातीवरचा टाका त्यांनी पूर्ण चाचपून बघितला, स्वच्छ. तो टाका दर वेळी चाचपतात ते आता, आणि आईला बोलवून तिचा हात तिथं ठेवून दाखवलं त्यांनी, "बघा, इथं काही नाही." त्या दिवशी रात्री आईने भाकरी खाल्ली.

परत ऑपरेशन होण्यासारखी जागा नव्हती. रेडिएशनला वर्ष पण झालेलं नव्हतं. मग गोळ्या सुरू झाल्या, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, सेलेकॉक्सिब दिवसातून दोनदा, एर्लोटिनिब रोज, आणि दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅबचं इंजेक्शन, फक्त २० मिलिग्रॅम. हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध पूर्ण डोसमध्ये आपल्यासारख्याला परवडायचा प्रश्नच नाही, पण टाटाच्या डॉक्टरांनी या गोळ्यांसोबत एवढासा डोस देऊन बघितला. नुसत्या गोळ्यांवर वर्षानंतर १६.३ टक्के पेशंट जिवंत होते, इंजेक्शन जोडलं तर ४३.४ टक्के. मी डॉक्टरांना विचारलं म्हणजे बरं होणार का, ते म्हणाले बरं करायचं औषध नाही हे, आजार दाबून ठेवून चांगले दिवस वाढवायचं औषध आहे. असं सरळ बोलणारं पहिलं कुणी भेटलं आम्हाला. अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, तोंड येतं, सगळं झालं, पण ठणक्यासाठी मॉर्फिन पण त्यांनीच पहिल्या आठवड्यात सुरू केलं, घाबरू नका, दुखण्यासाठी सांगितल्याप्रमाणे घेतलं तर सहसा व्यसन लागत नाही म्हणाले, आणि आण्णा तीन महिन्यांनी पहिल्यांदा रात्रभर झोपले.

४० मिलिग्रॅमची बाटली येते, २० चा डोस, म्हणजे एका बाटलीत दोन पेशंट. त्यामुळे हॉस्पिटल दोघांना एकाच दिवशी बोलवतं आणि खर्च निम्मा निम्मा. आण्णांच्या जोडीला अक्कलकोटचे एक काका आहेत, जिभेचा कॅन्सर, बोललेलं फारसं कळत नाही. आण्णांचं तोंड उघडत नाही आणि काकांची जीभ नाही, तरी दोघं शेजारशेजारच्या खुर्चीत तास-तास गप्पा मारत बसतात, आम्हाला कुणाला कळत नाही काय बोलतात ते. एकाची तब्येत बिघडली तर दुसऱ्याची पण तारीख पुढं जाते, म्हणून काकांच्या सुनेचा आणि माझा रोज फोन असतो.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय किंवा नुकतं झालंय त्यांनी एवढं करा. ऑपरेशननंतर येणारा तपासणीचा रिपोर्ट स्वतः शेवटपर्यंत वाचून घ्या आणि गाठीचं कवच फुटलंय का हे तोंडाने विचारा. दात आधीच दाखवा. रेडिएशनची तारीख ऑपरेशनच्या आठवड्यातच मागून घ्या. आणि फॉलोअपला गेलात की फ्लॅप छान आहे म्हटले तर खुर्चीवरून उठू नका, म्हणा साहेब मान बघा, बोट लावून बघा, वजन लिहा. आम्ही भिडस्त, मोठ्या डॉक्टरांना कसं सांगायचं म्हणून गप्प बसलो. फ्लॅप लावणारे डॉक्टर आणि आजारावर लक्ष ठेवणारे डॉक्टर वेगळे असले तर दोघांनाही दाखवा, एकाने बरं म्हटलं म्हणून दुसऱ्याला सोडू नका. सोलापुरात नाही जमलं तर बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, कॅन्सरचंच आहे, गावाकडून जाणाऱ्यांना पुण्यापेक्षा जवळ पडतं.

पहिल्या हॉस्पिटललाही मी हे सगळं लिहून दिलंय, सर्जनना स्वतः भेटून. त्यांनी कालनिर्णयची पानं परत एकदा बघितली, बराच वेळ, आणि त्यांची झेरॉक्स ठेवून घेतली.

मागच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी तेवढ्याच आहेत, वाढल्या नाहीत, फ्लॅपमागची थोडी कमी. आण्णा शेंगा चटणी दह्यात कालवून, पातळ करून चमच्याने घेतात. मंगळवारी पुढचं इंजेक्शन, अक्कलकोटचे काका पण येणार आहेत. आज सकाळी ९ काड्या बसल्या.